अंतराचाही हप्ता असतो

नाशिकमध्ये भाड्याने राहणारे मध्यमवर्गीय कुटुंब स्वतःच्या घराच्या शोधात निघाले की सुरुवातीला ते शहरातच फिरते आणि नंतर, फारसे काही न ठरवता, हद्दीबाहेरच्या पाट्या वाचू लागते. आमचेही तसेच झाले. गंगापूर रोड आणि कॉलेज रोड आमच्या यादीत कधीच नव्हते. परंतु पाथर्डी फाटा, जेल रोड, आडगाव, म्हसरूळ या भागांतील साधे टू बीएचकेही आवाक्याबाहेर असल्याचे दिसल्यावर सिन्नर, ओझर, भगूर, पिंपळगाव बसवंत, दिंडोरी, गिरणारे, घोटी ही नावे घरातल्या बोलण्यात येऊ लागली. ही गावे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होती, पण ती बाजाराची, देवदर्शनाची किंवा एसटीच्या थांब्याची गावे म्हणून. तेथे कायमचे राहायचे झाल्यास कोणते गाव निवडावे, या प्रश्नाचे उत्तर घराच्या दरात सापडत नाही, असे माझे मत या शोधात पक्के होत गेले.

आमची परिस्थिती सांगितल्याशिवाय पुढचा हिशेब कळणार नाही. मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे, पत्नी नाशिकरोडच्या एका शाळेत शिकवते, मुलगा पाचवीत आहे आणि गुडघ्यांनी हैराण झालेली आई आमच्याजवळ असते. सध्या इंदिरानगरमध्ये महिन्याला १४,००० रुपये भाडे देतो. हाताशी ११ लाख रुपये होते आणि २५ लाखांचे कर्ज झेपेल असा अंदाज होता, कारण साडेआठ टक्के व्याजाने २० वर्षांसाठी घेतलेल्या २५ लाखांचा हप्ता २१,७०० रुपयांच्या आसपास येतो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात घराच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळू शकते, हे ऐकून पुष्कळांना हायसे वाटते. मात्र मुद्रांक शुल्क आणि नोंदणी शुल्क त्या किमतीत धरले जात नाही, आणि वकिलाची फी, दलाली, किरकोळ दुरुस्ती, सामान हलवण्याचा खर्च हे सगळे तर स्वतःच्याच खिशातून जाते. त्यासाठी पावणेतीन लाख बाजूला काढल्यावर आमच्यासाठी घर म्हणजे फार तर ३३ लाखांचे घर, एवढे स्पष्ट झाले.

आता अंतराचा हिशेब. सिन्नर नाशिकपासून तीस किलोमीटरवर आहे, असे सगळे सांगतात, परंतु आपण ‘नाशिक’ला नोकरीला जात नसतो, अंबडला किंवा नाशिकरोडला जात असतो. सिन्नरहून नाशिकरोड साधारण २२ किलोमीटर आणि अंबड ३२ किलोमीटर धरले, तर आम्हा दोघांच्या दुचाक्या मिळून दिवसाला १०८ किलोमीटर धावणार. लिटरला ४५ किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरल्यास दिवसाचे अडीचशे आणि २५ दिवसांचे सहा हजारांहून थोडे अधिक होतात. सध्याचा पेट्रोलचा खर्च वजा केला तरी महिन्याला सुमारे ५,००० रुपये जास्तीचे जाणार. वरच्याच व्याजदराने एक लाखाचा हप्ता ८७० रुपयांच्या जवळपास येतो, म्हणजे हे ५,००० रुपये पावणेसहा लाखांच्या कर्जाचा हप्ता झाले. सिन्नरमध्ये २८ लाखांना मिळणारे घर आमच्यासाठी पावणेचौतीस लाखांचे ठरते, आणि त्यात टायर, सर्व्हिसिंग, पावसाळ्यातला त्रास आणि रोजचा वेळ अजून धरलेला नाही. कर्जाचा हप्ता निदान वीस वर्षांनी संपतो. पेट्रोलचा हप्ता नोकरी संपेपर्यंत चालतो आणि त्याचा दर आपल्या हातात नसतो.

हे लिहिताना सिन्नरवर अन्याय होऊ नये असे वाटते, कारण पाहिलेल्या सगळ्या गावांत मला मनापासून आवडलेले गाव तेच. सिन्नर हे नाशिकच्या आधाराने उभे राहिलेले उपनगर नाही. यादवांच्या काळातले गोंदेश्वराचे मंदिर तेथे आहे, विड्यांचा जुना व्यवसाय आहे, मुसळगावची सहकारी औद्योगिक वसाहत आणि माळेगावची एमआयडीसी आहे. तालुक्याचे न्यायालय, महाविद्यालय, रुग्णालये, भरलेली बाजारपेठ असे सर्व काही गावातच आहे. नाशिक-पुणे महामार्ग चौपदरी झाला आहे आणि समृद्धी महामार्ग तालुक्यातून जातो. आमच्यापैकी एकाची नोकरी माळेगावला असती, तर पुढचे काही न लिहिता मी सिन्नरला राहायला गेलो असतो. तेथे विचारायचा खरा प्रश्न पाण्याचा आहे. तालुक्याचा पूर्व भाग अवर्षणप्रवण म्हणून ओळखला जातो, आणि गावाच्या कडेने वाढणाऱ्या वसाहतींत नगरपरिषदेची जलवाहिनी कुठवर आली आहे, हे प्रत्येक गल्लीत वेगळे असते. एका नव्या वसाहतीत बांधकाम पाहून झाल्यावर आम्ही शेजारच्या ओट्यावर बसलेल्या मावशींना पाण्याचे विचारले. ‘पाणी येतं हो, पण कधी येतं ते मात्र विचारू नका,’ असे त्या म्हणाल्या आणि लगेच टँकरवाल्याचा नंबर देऊ लागल्या. घर पाहायला दिवाळीच्या सुमारास जाऊ नये, असा माझा सल्ला आहे. पाणी मे महिन्यात पाहावे आणि रस्ता जुलैत.

इगतपुरी आणि घोटीकडे तर जुलैतच जावे, म्हणजे निर्णय लवकर होतो. इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथील थंड हवेसाठी मुंबईकर दुसरे घर घेतात आणि त्यामुळे पहिल्याच घराच्या शोधात असलेल्यांना दर परवडत नाहीत. ज्यांची नोकरी कल्याण-मुंबईकडे आहे त्यांना पंचवटी एक्स्प्रेसमुळे इगतपुरी सोयीची आहे, आम्हाला नव्हती. गिरणाऱ्याचेही थोडेफार तसेच. गंगापूर धरणाच्या पाण्याने त्या रस्त्याला फार्महाऊसचा भाव आणला आहे, आणि त्र्यंबकेश्वरचे दर सिंहस्थ कुंभमेळ्याच्या हवेत आहेत.

पिंपळगाव बसवंत आणि निफाडकडची गावे सुबत्तेची आहेत. द्राक्षे, कांदा आणि टोमॅटोच्या बाजारामुळे पिंपळगावात पैसा खेळतो आणि त्यामुळे दवाखाने, शाळा, दुकाने चांगली आहेत. (थंडीची आवड असणाऱ्यांनी निफाडचा विचार जरूर करावा, राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातम्यांत ते नाव दर वर्षी असते.) गोदाकाठच्या गावांत मात्र पूररेषा आधी पाहावी लागते. २०१९च्या ऑगस्टमध्ये चांदोरी आणि सायखेड्यात गोदावरीचे पाणी शिरले होते, हे तेथील कोणीही सांगेल, विकणारा सोडून. या पट्ट्यातली काळी माती पिकाला उत्तम आणि पायाला वाईट असते. पावसात ती फुगते आणि उन्हाळ्यात आकसते, त्यामुळे मुरूम लागेपर्यंत पाया खोल नेलेला नसेल तर दोन-तीन वर्षांत भिंतींना तिरप्या भेगा जातात. तिकडे घर पाहताना नव्या रंगावर न जाता खिडक्यांचे कोपरे पाहावेत.

ओझरवर आमची बरीच चर्चा झाली. एचएएलच्या विमान कारखान्यामुळे गावाला शिस्त आहे, विमानतळ आहे, आणि ओझर आता नगरपरिषद झाले आहे. मुंबई-आग्रा महामार्गाने दहाव्या मैलापासून आडगावपर्यंत गाडी सरळ येते, पुढे उड्डाणपुलावरून अंबडही गाठता येते. माझ्या एका सहकाऱ्याने तेथे घर घेतले आहे आणि तो समाधानी आहे. अडचण पत्नीच्या प्रवासाची होती. महामार्गावर अवजड वाहनांच्या मधून दुचाकीवर रोज जायचे, पुढे नांदूर नाक्याच्या कोंडीतून जेल रोड गाठायचा आणि सकाळी सातची शाळा धरायची, हे तिने एका वाक्यात नाकारले. ‘तुम्हाला उड्डाणपूल आहे, मला काय आहे?’ या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दर कमी असण्याचे आणखी एक कारण असते आणि ते कागदांत लपलेले असते. शहराबाहेर जी जागा आश्चर्य वाटण्याइतकी स्वस्त सांगितली जाते, ती बहुधा बिगरशेती (एनए) झालेली नसते. दिंडोरी रस्त्याच्या आतल्या एका शेतात चुन्याच्या रेघा मारून दीड-दीड गुंठ्याचे प्लॉट पाडलेले आम्हाला दाखवले गेले. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, तेव्हा बंगल्याचे स्वप्न पाहायला दीड गुंठा पुरेसा होतो. ‘साहेब, एनए होऊनच जाईल, तुम्ही फक्त इसार द्या, सातबाऱ्यावर सामायिकात नाव लावून देतो,’ असे मध्यस्थाने सांगितले. या एका वाक्यात तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे १९४८च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्याच्या कलम ६३ प्रमाणे जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. दुसरी म्हणजे १९४७चा तुकडेबंदी कायदा: प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्यांच्या व्यवहारांविषयीचे नियम अलीकडच्या वर्षांत अनेकदा बदलले आहेत, आणि आज ऐकलेल्या सवलतीच्या भरवशावर पैसे गुंतवण्यापूर्वी ती सवलत आपल्या तुकड्याला लागू आहे का, हे वकिलाकडून लेखी घेतलेले बरे. तिसरी अडचण सामायिक नावाची. सातबाऱ्यावर दहा-बारा जणांसोबत नाव लागते, पण आपला तुकडा नेमका कोणता, त्याच्या चतुःसीमा काय, रस्ता कोणाच्या मालकीचा, हे कोठेच लिहिलेले नसते. असल्या जागेवर बँक कर्ज देत नाही आणि बांधकामाची परवानगीही मिळत नाही. आई शेतकरी घरातली असल्यामुळे तिला हे आमच्याआधी कळले. चुन्याच्या रेघा पाहून तिने बांध कोठे आहे एवढेच विचारले.

याउलट जुन्या गावठाणातली घरे. त्यांना सातबारा नसतो. ग्रामपंचायतीचा नमुना आठ असतो आणि तो मुळात कर आकारणीचा उतारा आहे, मालकीचा निर्णायक पुरावा नव्हे. ड्रोनने मोजणी करून गावठाणातील मिळकतींना मिळकत पत्रिका देण्याची स्वामित्व योजना २०२० पासून राबवली जात आहे, आणि जेथे ती पत्रिका हाती आली आहे तेथे कर्जाचे बोलणे सोपे होते. जाड भिंतींची, ओसरीची घरे मला आवडतात, पण वाटण्या न झालेल्या चुलत्यांच्या सह्या गोळा करण्याची ताकद माझ्यात नाही.

मधला मार्ग म्हणजे छोट्या बांधकाम व्यावसायिकाची रो हाऊस. नाशिककरांना रो हाऊसचे वेड आहे आणि आसपासच्या गावांत सहा-आठ घरांची एखादी रांग जागोजागी उभी राहते. येथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. जमीन ५०० चौरस मीटरपेक्षा जास्त नसेल किंवा घरे आठपेक्षा जास्त नसतील, तर प्रकल्पाची महारेरामध्ये, म्हणजे बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाकडे, नोंदणी करणे बंधनकारक नाही. शहरातल्या मोठ्या प्रकल्पात ग्राहकांकडून आलेल्या पैशांपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवावे लागतात आणि करार नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. सहा घरांच्या रांगेत मात्र आपण आणि आपला वकील एवढेच असतो. सुपर बिल्टअपच्या, म्हणजे भिंती, जिना, सामायिक जागा असे सगळे धरून फुगवलेल्या क्षेत्राच्या, आकड्यावर दर सांगण्याची पद्धतही तेथे अजून चालू आहे. आम्ही प्रत्येक ठिकाणी टेप घेऊन गेलो आणि आतल्या भिंतीपासून आतल्या भिंतीपर्यंत मोजले. एका ठिकाणी सांगितलेल्या साडेनऊशे फुटांतले सहाशेच्या जवळपास पायाखाली सापडले, तेव्हा विकणाऱ्याने गच्चीकडे बोट दाखवले.

बांधकाम चालू असलेले घर घ्यावे की तयार, यावरही पैशांचा फरक पडतो. चालू बांधकामातील परवडणाऱ्या घराला, म्हणजे आमच्यासारख्या शहरात ९० चौरस मीटरपर्यंत चटई क्षेत्र आणि ४५ लाखांपर्यंत किंमत असेल तर, एक टक्का जीएसटी लागतो आणि इतर घरांना पाच टक्के; भोगवटा प्रमाणपत्र (बांधकाम पूर्ण होऊन राहायला योग्य असल्याचा दाखला) मिळालेल्या किंवा जुन्या घराला तो लागत नाही. शिवाय ताबा मिळेपर्यंत भाडे आणि हप्ता एकत्र भरण्याची आमची ऐपत नव्हती. त्यामुळे आम्ही जुन्या घराकडे वळलो, आणि तेथे आम्हाला भगूर सापडले.

भगूर बाहेरच्यांना सावरकरांचे जन्मगाव म्हणून माहीत आहे, नाशिककरांना रेणुकादेवीच्या मंदिरामुळे. देवळाली कॅम्पला लागून, दारणेच्या काठी वसलेली ही लहान नगरपरिषद आहे. नाशिकरोडच्या बिटको चौकातून लॅम रोडने गेले की कॅम्प संपताना गाव सुरू होते. पत्नीची शाळा दहा किलोमीटरच्या आसपास आणि विहितगाव-वडनेर-पाथर्डी फाटा या रस्त्याने अंबड पंधरा. मुंबई नाका आणि द्वारका हे कोंडीचे चौक, दोन्ही टळतात. पेट्रोलचा तोच हिशेब केला तर जास्तीचा खर्च महिन्याला दीड हजारांच्या आसपास येतो, म्हणजे पावणेदोन लाखांच्या कर्जाएवढा. सिटीलिंकची बस गावापर्यंत येते, देवळाली स्थानक जवळ आहे, आणि दवाखाना, किराणा, भाजी हे सगळे आईला चालत किंवा फार तर रिक्षाने गाठता येते. शेवटचा मुद्दा मी आधी दुय्यम मानत होतो, पत्नीने तो पहिला केला. आमच्या घरात दिवसभर घरी असणारी एकटी व्यक्ती आई आहे, तेव्हा गाव तिला जमले पाहिजे, हे तिचे म्हणणे मला बिनतोड वाटले.

भगूरमध्ये तपासायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. दारणेच्या पूररेषेचा दाखला पाहावा. लष्कराच्या हद्दीजवळच्या जागांना बांधकामासाठी निर्बंध असतात, म्हणून जुन्या घराची बांधकाम परवानगी आणि त्यावरचे ना-हरकत प्रमाणपत्र मूळ स्वरूपात मागावे. पुढे वरचा मजला चढवायचा विचार असेल तर हे अधिकच महत्त्वाचे. दारणाकाठच्या उसात बिबट्याचा वावर असतो, हे मात्र कोणत्याही दाखल्यावर लिहिलेले नसते. आम्ही पाहिलेले घर गावातल्या वस्तीत आहे, तरीही शेजाऱ्यांनी मुलाला अंधार पडल्यावर नदीकडे पाठवू नका असे आधीच बजावले.

घर पंधरा वर्षांपूर्वीचे, दोन मजली रो हाऊस. खाली एक खोली, स्वयंपाकघर आणि न्हाणीघर, त्यामुळे आईला जिना चढायची गरज नाही. मालक दोन भाऊ आणि एक बहीण. सूची क्रमांक दोनचे (नोंदवलेल्या खरेदी-विक्रीचे) उतारे, घरपट्टीची पावती, भोगवटा प्रमाणपत्र सगळे होते, पण बहिणीचे हक्कसोडपत्र नोंदवलेले नव्हते. ‘ताई काही म्हणणार नाही,’ असे दोघेही भाऊ सांगत होते आणि ते खरेही असावे. आमच्या वकिलांनी तरीही ३० वर्षांचा शोध अहवाल आणि नोंदणीकृत हक्कसोडपत्र हाती आल्याशिवाय साठेखत, म्हणजे खरेदीखताआधीचा विक्रीचा करार, करू दिले नाही. यात बराच काळ गेला आणि मधल्या काळात दुसरा गिऱ्हाईक आल्याचे आमच्या कानावर घालण्यात आले. असा दुसरा गिऱ्हाईक प्रत्येक घराला असतो. अखेर ताईच रिक्षाने नोंदणी कार्यालयात आल्या आणि सही करून, भावांना दोन शब्द सुनावून गेल्या.

खरेदी पत्नीच्या एकटीच्या नावावर करायचे ठरवले आहे, कारण केवळ स्त्रीच्या नावावरच्या घराला मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते आणि या घराच्या ३२ लाखांच्या किमतीवर ती ३२,००० रुपये होते. कर्जात मी सहकर्जदार राहीन. नोंदणी शुल्क एक टक्का, पण ३०,००० रुपयांची मर्यादा आहे. मुद्रांक शुल्काचा दर महानगरपालिका, नगरपरिषद आणि ग्रामपंचायत यांच्या हद्दीत सारखा नसतो, म्हणून आपले गाव कोणत्या हद्दीत येते ते आधी पाहून घ्यावे. शहरी पंतप्रधान आवास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात वार्षिक उत्पन्न नऊ लाखांपर्यंत, घर ३५ लाखांपर्यंत आणि कर्ज २५ लाखांपर्यंत असल्यास पहिल्या आठ लाखांवर व्याजाचे अनुदान आहे. कुटुंबाच्या नावावर देशात कोठेही पक्के घर नसावे अशी अट आहे आणि कुटुंब म्हणजे पती, पत्नी व अविवाहित मुले. गावाकडे वडिलांच्या नावावर घर आहे म्हणून अर्जच न करणारे मी पाहिले आहेत. आमचे उत्पन्न मर्यादेच्या अगदी काठावर असल्याने मी त्या रकमेवर काही अवलंबून ठेवलेले नाही.

आता सगळे विचारतात की सिंहस्थ होऊन जाईपर्यंत का थांबत नाही. मेहुण्यांचे म्हणणे असे की २०२७ नंतर दर खाली येतील, कारण रस्त्यांच्या कामांच्या नावावर चढलेला भाव कामे संपल्यावर टिकत नाही. ते कदाचित बरोबरही ठरतील. परंतु दोन वर्षे थांबायचे तर १४,००० रुपयांप्रमाणे ३,३६,००० रुपये भाड्यात जातात, म्हणजे भगूरच्या या घराचा दर दहा टक्क्यांनी उतरला तरच आमची बरोबरी होते; आणि तो उतरलाच नाही तर मुलगा आठवीच्या तोंडावर असताना त्याची शाळा बदलावी लागेल, जी आता पाचवीनंतर सहज बदलते. हा हिशेब मी मेहुण्यांना कागदावर मांडून दाखवला. त्यांना तो पटलेला नाही आणि त्यांनी स्वतःचा मखमलाबादचा बेत सिंहस्थानंतरवर ढकलला आहे.